पाच पूर्णांक सत्त्याऐंशी शतांश

नारिनच्या शाळेत त्या हिवाळ्यात वीज दुपारीच जायची,
शाई गोठायची, म्हणून आम्ही पेन्सिलीने लिहायचो.
कपाटाच्या तळाशी एक तपकिरी बाटली सापडली,
तिच्यावरची चिठ्ठी उंदरांनी खाल्लेली.
आत पांढरी भुकटी. वास नाही.
चव घ्यायची नाही, बुरुलचा बाईंनी आधीच बजावलं,
नाव ठाऊक नसेल तर जीभ आवरायची.

चिमूटभर बिश्केकला पाठवली.
तीन आठवड्यांनी कागद आला:
शंभरात चाळीस कार्बन,
सहा पूर्णांक सात हायड्रोजन,
बाकीचा ऑक्सिजन.
बाईंनी बाराने भागलं, एकाने, सोळाने,
मध्येच खडू मोडला, तुकड्याने पुढे भागलं,
आणि फळ्यावर उरलं
एक, दोन, एक.

"हे नाव नाही," बाई म्हणाल्या, "ही नुसती वाटणी.
बाप एक, लेकरं दोन, आई एक,
एवढंच सांगितलं तर कुणाचं घर ते ओळखाल?"
आम्ही हसलो. निम्म्या वर्गाचं घर तसंच होतं,
बाप बहुतेक रशियात,
पण मोजताना धरायचा.

"याच वाटणीचे कितीतरी निघतील.
तीस वजनाचं, ते फॉर्मॅलिनमधलं.
साठाचं, व्हिनेगरमधलं.
नव्वदाचं, घोडीचं दूध आंबलं की जिभेला चावतं ते.
एकशे ऐंशीची द्राक्षसाखर.
फॉर्मॅलिनचा वास कुणाला ठाऊक आहे?"
दर वर्षीचा प्रश्न, दर वर्षी कुणालाच ठाऊक नसायचा.

नुरदोलोतने हात वर केला.

त्याचा बाप शरदात नोवोसिबिर्स्कहून परतला होता
जस्ताच्या पेटीत.
पेटी उघडायची नव्हती. तरी कुणीतरी उघडली.

बाईंना प्रश्न मागे घेता येईना.
"ठेव खाली हात," एवढंच म्हणाल्या.
हात खाली यायला वेळ लागला.

मग त्यांनी उगाचच फळा पुसला, तेच पुन्हा लिहिलं.
"वजन हवं. रेणू काही तराजूत बसत नाही.
पण थंडी आहे आपल्याकडे, फुकट आणि पोटभर.
पाण्यात कण मिसळले की पाणी गोठायला कां-कूं करतं.
तेवढ्याच भुकटीत कण हलके असतील तर संख्येने पुष्कळ,
पाणी जास्त हट्ट धरेल.
जड असतील तर मोजके,
लवकर शरण येईल."

अठरा ग्रॅम भुकटी, शंभर ग्रॅम पाणी,
चंचुपात्र खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर,
आणि थर्मामीटर धरायला नुरदोलोत,
हातमोजे न घालता.
पारा शून्य ओलांडून घसरला, नको तेवढा घसरला,
मग बर्फाची पहिली सुई उठली
आणि पारा दचकल्यासारखा वर येऊन थांबला:
उणे एक पूर्णांक नऊ.

गणित आम्ही सगळ्यांनी केलं, श्वासाच्या वाफेत.
एकशे शहात्तर.
भागिले तीस,
पाच पूर्णांक सत्त्याऐंशी शतांश.

"चुकलं," तो म्हणाला.
"चुकलं नाही. थर्मामीटर जुना,
पाणी थोडं सांडलं असेल, तुझा हात हलला असेल.
अर्धामुर्धा अणू नसतो कुठे. सहा लिही."

त्याने अक्षरांच्या पायाशी बारीक आकडे काढले,
सहा, बारा, सहा.
बराच वेळ पाहत राहिला.
"म्हणजे तेच ते, सहा वेळा?"
"वाटणी तीच," बाई म्हणाल्या. "वस्तू निराळी."
मग खरं बोलायची सवय असल्यामुळे पुढे म्हणाल्या,
"फळांतल्या दुसऱ्या एका साखरेचंही हेच रेणुसूत्र, हेच वजन.
ती कशी वेगळी ओळखायची, ते पुढच्या वर्षी."

चंचुपात्र आत घ्यायला सगळेच विसरलो.
सकाळी काचेच्या तीन फाका झाल्या होत्या
आणि मधोमध बर्फ उभा होता,
भांडं नसतानाही भांड्याच्या आकाराचा.